बांधाकडच्या शेंगा

"आत कुणी राहतं का, बाई?"

महानंदानं असं विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. चाळीस पोरी आणि एकच सूक्ष्मदर्शक. रांग लावायची, एक डोळा मिटायचा, कांद्याचा पापुद्रा बघायचा नि पुढं सरकायचं. महानंदा काही सरकेना. भिंगाला डोळा लावून तशीच उभी.

मोहोळकर बाई हसल्या नाहीत. त्या कुणाला हसायच्या नाहीत आणि चुकूनसुद्धा खोटं बोलायच्या नाहीत. आमच्या शाळेत एवढं एकच नवल बघण्यासारखं होतं, सूक्ष्मदर्शक त्याच्यानंतर.

"घरांसारखंच दिसतं ते," बाई म्हणाल्या. "त्याला पेशी म्हणायचं. प्रत्येक खोलीत ठिपका दिसतोय? ते केंद्रक."

"तो घरमालक," मी मागून बोलले.

"हौसा, तोंड बंद. सगळं जिवंत असंच बांधलेलं असतं, मुलींनो. कांदा, म्हैस, तुम्ही, मी."

"मग माणूस गेल्यावर ह्या खोल्या कुठं जातात, बाई?"

बाईंनी तोंड उघडलं तेवढ्यात घंटा झाली. पोरी दप्तरं उचलून पळाल्या. "उद्या सांगते," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. आठवड्यानं आल्या तेव्हा धडा बदलला होता. महानंदाच्या प्रश्नाला उत्तर राहिलं ते राहिलंच, आणि ते मी दिलं.

सोलापूरच्या पुढं, कानडी मुलूख सुरू होतो तिथल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मुलींचं बोर्डिंग होतं. मी करमाळ्याकडची, नववीत. थापा मारण्यात माझा हात कुणी धरायचं नाही. आमच्या आत्याला शेपूट होतं नि लग्नात ते पदराखाली लपवलं, ही माझी थाप पोरींनी दोन वर्षं खरी धरली होती. सुट्टीत आत्या मला भेटायला आली तर चार जणी तिच्या मागनं चालत होत्या.

महानंदा बिराजदार माझ्या शेजारी झोपायची. लिंगायताची पोर, गोरीपान, कमी बोलणारी. गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, त्यात लिंग. आंघोळ झाली की ती डबी उघडून, तळहातावर ठेवून पूजा करायची आणि मगच भाकरीला हात लावायची. तिची आई आदल्या आषाढात गेली होती. आईला ती अव्वा म्हणायची. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुष्कळदा स्वतःच्याच रानात. अव्वाला बांधाच्या कडेला ठेवली होती.

दिवाळीनंतर तिचे अप्पा शेंगांची गोणी घेऊन आले. बोर्डिंगच्या पायरीवर बसून त्यांनी पटक्यानं घाम पुसला.

"यंदा बांधाकडच्या पट्ट्याला लई शेंग धरली बघ," ते महानंदाला म्हणाले. "एकेका वेलाला ओंजळ ओंजळ. तुझ्या अव्वाच्या पायाशी."

त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. मी दाराआड उभी राहून ऐकलं, आणि गोणीकडं बघितलं.

मला शेंगांचा भारी सोस. बोर्डिंगात दोन वेळा ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, कधी मटकीची उसळ, चमचाभर दाण्याची चटणी. पोट भरायचं पण जीव भरायचा नाही. महानंदा रोज सगळ्यांना मूठमूठ शेंगा द्यायची. मला मूठ नको होती. मला गोणी हवी होती.

दुपारी दोघी धुण्याच्या दगडावर बसलो होतो. ती शेंगा सोलत होती.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"माणूस गेल्यावर पेशी कुठं जातात. बाईंनी मुद्दाम नाही सांगितलं. लहान पोरींना सांगत नसतात."

"तुला कुणी सांगितलं मग?"

"माझा मामा सोलापूरला डॉक्टरच्या हाताखाली आहे." मामा बैलाच्या पायाला नाल ठोकायचा. "पेशी मरत नाहीत, महानंदा. माणूस मरतो. त्या खोल्या सुट्या होतात नि मातीतनं चालायला लागतात. हळूहळू, मुंग्यांसारख्या. मग कुठल्यातरी मुळाला चिकटतात. मूळ त्यांना वर ओढतं. पानात जागा नसली की दाण्यात बसवतं. दाणा फोडून बघ, दोन खोल्या असतात का नाही?"

तिनं दाणा फोडला. दोन डाळिंब्या झाल्या. मधे तो इवलासा कोंब.

"आणि हा?"

"घरमालक."

"शपथ?"

"विद्येची शपथ."

ती खूप वेळ तळहाताकडं बघत राहिली. मी पुढं काही बोलले नाही. थापा मारण्यात मी एक शिकलेय. शेवटचं वाक्य आपण बोलायचं नाही, ऐकणाऱ्याला बोलू द्यायचं.

"म्हणजे ह्या शेंगा..." ती म्हणाली, आणि मांडीवरच्या सगळ्या शेंगा तिनं परकराच्या ओच्यात घेऊन, एकही सांडू न देता, गोणीत परत घातल्या. संध्याकाळी गोणी माझ्या ट्रंकेशेजारी होती.

मी खाल्ल्या की. महिनाभर खाल्ल्या. कच्च्या खाल्ल्या, भाजून खाल्ल्या. आमच्या स्वयंपाकीण भागाबाई चुलीच्या राखेत भाजून द्यायच्या. आणि मी खात असले की महानंदा समोर येऊन बसायची.

"कशी लागते?"

"गोड."

"अव्वाचा हात पण गोड होता," ती म्हणायची. माझा घास तोंडातच फिरायचा. पण गिळायची मी. खोटं कशाला सांगू, थांबले नाही.

मग तिनं माझ्याजवळ सरकायला सुरुवात केली. पहाटे जाग यायची तर ती उठून बसलेली, माझ्याकडं बघायलेली. मी केस विंचरले की वास घ्यायची. एकदा माझा हात धरून अंगठ्याचं पेर न् पेर चाचपलं नि म्हणाली, "अजून इथं नाही आली." मी म्हटलं, "कोण?" तर नुसतं हसली. मी पोरींना हसत हसत सांगितलं. पोरी हसल्या. एकटी असताना मला काही हसू यायचं नाही.

तिकडं तिचं जेवण आटत चाललं होतं. आधी स्वतःच्या शेंगा सोडल्या. मग चटणी सोडली, कारण चटणीतले दाणे कुठल्या रानातले, सांगता येत नाही. मग डाळ. मग भाजी.

"अगं, भाजीत कसली तुझी अव्वा?" मी म्हणायची.

"माझी नसेल. कुणाची तरी असेलच की. त्यांना कसं खाऊ?"

दूधसुद्धा सोडलं. म्हैस गवत खाते, गवत मातीतनं येतं. माझ्या थापेला मी चार पायऱ्या केल्या होत्या, ती पोर पाचवी, सहावी, सातवी बांधत वर चालली होती.

राहिली भाकरी. बोर्डिंगची ज्वारी पेवातली असायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. कुणा भल्या माणसानं तीन वर्षांपूर्वीचं पेव उघडून पोती दिली होती. त्या भाकरीला उग्र वास यायचा, आम्ही नाकं मुरडून खायचो. महानंदा मात्र ती आनंदानं खायची. भाकरी, मीठ आणि पाणी. मी विचारलं तर म्हणाली, "ही अव्वा असतानाची आहे. हिच्यात कुणी नाही."

असं तीन महिने.

माघात तिच्या गळ्याभोवती काळा पट्टा उठला. बरोबर दोरा टेकतो तिथं, हाराएवढा रुंद.

"दोऱ्याचा रंग उतरलाय," सगळ्या म्हणाल्या. मी पण म्हणाले. तिनं दोरा बदलला, पांढरा घातला. पट्टा जाईना. भागाबाईंनी तिला न्हाणीत बसवून चिंचेच्या कोळानं मान घासली. घासता घासता कातडी सुटून त्यांच्या हातात आली. भागाबाई तशाच बाहेर आल्या, हात धुतले, पुसले, आणि परत धुतले.

मग हात. मनगटापर्यंत दोन्ही हात काळे झाले, भाजल्यासारखे. जिथं पोलक्याची बाही सुरू होई, तिथनं वर तीच गोरीपान महानंदा. खाली जणू दुसऱ्याच कुणाचे हात लावलेत. पायांचंही तसंच, परकराच्या काठापर्यंत. जीभ लाल भडक, ओठ चिरलेले, पोट सारखं बिघडलेलं. पाढे विसरली. माझं नाव विसरली.

नाव विसरली म्हणजे, मला अव्वा म्हणायला लागली.

"अव्वा, पाणी दे." "अव्वा, आज उन्हात जाऊ नको." अगदी सहज, जनगणनेला नाव सांगावं तसं. पोरी आता हसत नव्हत्या. त्यांनी आपापल्या वळकट्या लांब ओढल्या. तिच्या नि माझ्या भोवती चारी बाजूंनी मोकळी फरशी.

भागाबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "खरं सांग. त्या पोरीला काय झपाटलंय? तुझ्याच मागं का लागलंय ते?"

"मला काय ठाऊक?"

"बाहेरचं आहे ते. तिच्या हाताला बघ. माती उकरून वर आल्यासारखे हात आहेत."

मी त्या दिवशी उरलेल्या शेंगा उकिरड्यावर ओतल्या. गोणी झटकून घडी घातली. ट्रंकेकडं वळले तर महानंदा दारात.

"आता ओतून काय उपयोग, अव्वा," ती म्हणाली. "तू आलीस की सगळी."

बाईंना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? विद्येची शपथ घेतली होती.

होळीआधी चाचणी परीक्षा आली. शरीरविज्ञानाचा पेपर. चौथा प्रश्न: आहारातील उणिवेमुळे होणारे रोग, तक्ता करा. मला तो तक्ता तोंडपाठ होता. बाईंनी फळ्यावर काढला होता, मी चाल लावून पाठ केला होता. रातांधळेपणा, बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस. सराईतपणे उतरवत चालले होते. मग लिहिलं, पेलाग्रा. केवळ ज्वारी किंवा मका खाणाऱ्या लोकांत आढळतो. लक्षणे: उन्हात उघडा राहणारा त्वचेचा भाग काळा पडतो. गळ्याभोवती पट्टा. तोंड येणे. जुलाब. बुद्धिभ्रम.

बुद्धिभ्रम लिहिलं, टाकाला शाई घ्यायला मान वर केली, आणि समोरच्या बाकावर महानंदाची मान दिसली.

मी उभी राहिले.

"बस खाली, हौसा. काय हवंय?"

"बाई, चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुढ्यात बसलंय."

बाई आल्या. माझा पेपर वाचला. मग महानंदाकडं बघितलं, तिची मान, तिचे हात. तिचा पेपर कोरा होता. बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्याच. वर्गात चाळीस टाक थांबले.

"मी शिकवलं हे," बाई म्हणाल्या, स्वतःशीच. "मीच काढला तक्ता. रोज हजेरी घेते तिची."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "गोळ्या देतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दूध, डाळ, शेंगदाणे. शेंगदाणे भरपूर. दहा दिवसांत वेगळी पोर दिसेल. पण नाडी फार मंद आहे, आत्ता सोलापूरचा धक्काही सोसायची नाही. आधी पोटात घाला."

आणि नेमकी त्याच दिवशी पेवातली ज्वारी संपली. नव्या सुगीची आली, पांढरीशुभ्र, मोत्यासारखी. भागाबाईंनी हौसेनं पहिली भाकरी थापली. महानंदानं ताटाकडं बघितलं, ताट सरकवलं, आणि तोंड मिटलं.

मिटलं ते मिटलं. तिला आजारी मुलींच्या खोलीत हलवलं. एक दिवस गेला. दोन गेले. दाताखिळी बसावी तसे ओठ. गोळी दिली तर तेवढ्यापुरतं बोलली.

"हे कशापासून करतात, बाई?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, खडूपासून. बाई म्हणाल्या, "यीस्टपासून. ताडी आंबते ना, त्यात असतं ते. एकेक पेशीचं असतं."

"जिवंत असतं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान जोरजोरात हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. बाईंचा चेहरा पिळवटला. "गोळी करायच्या आधी असतं," त्या म्हणाल्या.

महानंदानं गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर व्हरांड्यात मी बाईंचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. गोणी, शपथ, घरमालक, सगळं. मला वाटलं, मारतील. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"तिनं मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मी उद्या म्हटलं." मग थोड्या वेळानं, "जा. आत जाऊन खरं सांग तिला."

मी गेले. खरं सांगितलं. "महानंदा, मी थाप मारली होती. पेशी मरतात. मातीत त्यांचं काही राहत नाही, नुसता क्षार राहतो. मला तुझ्या शेंगा हव्या होत्या म्हणून बोलले मी. मी थापाडी आहे, तुला ठाऊक आहे. माझा मामा बैलांना नाल ठोकतो."

ती हसली. ओठातनं रक्त आलं. "हौसा, तू गप्प बस जरा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं माझं नाव घेतलं होतं. "तू मधे मधे बोलतीस म्हणून अव्वाला बोलता येत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर नाडी धरून बसले आणि उठताना बाईंना म्हणाले, "तिच्या वडिलांना निरोप धाडा." एवढंच. भागाबाईंनी भाजलेल्या दाण्याचं कूट दुधात शिजवून, गूळ घालून वाटी आणली होती. तिसरी वाटी. आधीच्या दोन तशाच निवल्या होत्या.

मी वाटी घेतली. "बाई, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"काय करणारेस?"

"तुम्हाला आवडायचं नाही असं."

फाल्गुनातलं ऊन, भर बारा. कुठं पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मग बाई उठल्या, भागाबाईंना घेऊन बाहेर गेल्या आणि दार स्वतःच्या हातानं लोटून घेतलं.

मी तिच्या उशाशी बसले. तिची अव्वा मी बघितलेली नव्हती. आवाज ऐकला नव्हता. म्हटलं, त्यात काय, आजवर न बघितलेल्याच गोष्टी सांगत आले. उशाकडची चादर डोक्यावरून घेतली. घसा खाकरला.

"मी आलेय," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले.

"बांधावरनं चालत आलेय. लांब होतं." आता पुढं काय, असा विचार करत होते. थाप मारताना माझं असंच असतं. एक वाक्य तोंडात, दुसरं डोक्यात, तिसरं दाराशी उभं. त्या दिवशी डोक्यात काहीच नव्हतं, आणि तोंड चाललं होतं. "मातीत गार असतं. तिथं काही दुखत नाही. चुलीची काळजी नाही. भूक मात्र लागते. माझी नाही, लेकरांची. लेकरांची भूक आईला तिथंसुद्धा लागते." आवाज माझा होता. पण मी इतकं सावकाश आयुष्यात कधी बोललेले नाही. हात चमच्याकडं गेला, तोसुद्धा मी सांगितल्यासारखा नाही गेला. माझा डावा हात. मी तर उजव्या हाताची.

"ये बंगारी," मी म्हटलं, "तोंड उघड."

महानंदाची मान कधी नव्हे ती वळली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या मांडीकडं, जिथं वाटी होती, तिथं. बराच वेळ तिथंच बघत राहिली.

"कुणाला हाक मारलीस?"

मला वाटलं, संपलं. पकडली हिनं. "तुला," मी म्हटलं, आणि ते माझ्याच आवाजात, घाबरून, भराभरा.

तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. पाणी कानात गेलं, तिनं पुसलं नाही. आणि तोंड उघडलं.

पहिला चमचा जाताना तोंडातल्या जखमांनी ती कळवळली. दुसरा गिळला. वाटी संपायला तास लागला. चमचा मी उजव्या हातात कधी घेतला, आठवत नाही. दार उघडलं तर बाई उंबऱ्यावरच बसलेल्या, पदराचा बोळा तोंडात धरून. त्यांनी रिकामी वाटी बघितली, वाटी माझ्या हातातनं घेतली आणि मला एक अक्षर विचारलं नाही. पुढं तीस वर्षं पत्रं लिहीत होत्या मला. एकदाही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. चौथ्या दिवसापासून ती मला हौसाच म्हणायला लागली. गोळ्या सुरू झाल्या. आठव्या दिवशी हातांवरची काळी साल सुटायला लागली, खालनं कोवळी गुलाबी कातडी. भागाबाईंनी तिच्यासमोर शेंगांची टोपली ठेवली तर फोडून खायला लागली, कडाकडा, तुमच्या-माझ्यासारखी.

आम्ही दोघी सावलीत बसलो होतो. मला राहवेना.

"माझा राग नाही आला तुला?"

"येतो की. रोज थोडा येतो." तिनं शेंग फोडली.

"मग त्या दिवशी खाल्लंस का? मी अव्वा नव्हते. सोंग करत होते मी. तुला बंगारी म्हटलं, ते पण असंच. बाजारात कुणी कानडी बाई सोनुली म्हणावं तसं पोराला म्हणाली असेल, कानावर पडलं असेल."

"अव्वा मला नंदी म्हणायची," महानंदा म्हणाली. "बंगारी नाही."

"मग?"

"बंगारी माझ्या आधीची. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं नव्हतं झालेलं, अव्वानंच म्हणायला ठेवलेलं नाव. तिला बांधावरच ठेवलीय. अव्वाला ठेवताना अप्पांनी तिच्याशेजारी जागा काढली. घरात ते नाव कुणी घेत नाही, हौसा. मी कधी तोंडातनं काढलेलं नाही."

ती अगदी शांतपणे टरफलं एका बाजूला करत होती.

"मला वाटायचं, अव्वा तिथं एकटी आहे," ती म्हणाली. "इकडं तिकडं फिरायलीय, कुणी खातंय तिला, कुणी चिरतंय. म्हणून मी जाणार होते. पण ती मला बोलवत नव्हतीच. ती बंगारीला भरवायली होती. मांडीवर घेऊन. सुखात होती गं. मग म्हटलं, माझं काय काम तिथं? आणि चमचा माझ्यासमोर होता. लेकराचा घास वाया कशाला घालवायचा. तो मी खाल्ला."

आतनं भागाबाईंनी ताटं वाढल्याची हाक दिली. महानंदा परकर झटकून उठली.

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली, आमटी वरनं मागून घेतली. मी तिला जेवताना बघत ताटावर नुसती बसून राहिले.

"तुला काय झालं आता?" भागाबाईंनी विचारलं. "का जेवत नाहीस?"

"पोट भरलंय," मी म्हटलं.

ती थाप नव्हती.